तिसरा पेड

हे तुम्हाला खरं वाटणार नाही. वाटू नयेच! या बेटावर माझ्या तोंडून निघालेली एकही गोष्ट आजवर कुणी खरी मानलेली नाही, आणि त्यावाचून माझं काही अडलेलंही नाही. पण आज नाताळची पांढरी वाळू किनाऱ्यावरून वाहून आणून, अंगणभर पसरून तुम्ही सगळे कंबर धरून बसला आहात, कॉफीला अजून उकळी फुटायची आहे, आणि जिची ही गोष्ट ती ऑरिल तिकडं पायरीवर आपल्याकडं पाठ करून ताडाची पाती चिरत बसली आहे. ती ऐकणार नाही. ऐकलं तरी बोलणार नाही. बोलणं तिच्या स्वभावातच नाही... असतं, तर ही गोष्ट घडलीच नसती.

वादळ दीड दिवसावर येऊन ठेपलं होतं, आणि ऑरिल आपल्या स्वयंपाकघराच्या दाराला आतून कडी घालून बसली होती! बाहेर पलटणीची गाडी घरघरत उभी. पलटण म्हणजे ती राखीव पलटण. आठवडाभर थोरल्या बेटावर कुणी बँकेत काचेमागं बसतो, कुणी पाहुण्यांना पाण्याखालचे मासे दाखवतो, आणि शनिवार आला की हिरवे कपडे चढवून कवायत करतात, ती. त्यांचा सार्जंट ऑर्लिन एरवीचा न्हावी. त्यानं दार ठोठावलं.

"मिस ऑरिल, उघडा हो. टेकडीवर नेतो तुम्हाला. निवाऱ्यात गरम जेवण आहे."

"माझं जेवण झालंय."

"परवाचंही झालंय का?"

"नका नेऊ रे मला, पोरांनो. मी दमलेय. त्याला यायचंय तर येऊ दे, मी कुठं जात नाही."

आणि हे ती खोटं बोलत नव्हती. तिच्या हाडांत, बोटांच्या पेरांत, पापण्यांच्या मागं असा काही शीण साठला होता की तो झोपेनं जाणारा नव्हता. वर्षानुवर्षं एकच ओझं एकाच खांद्यावर वाहणाऱ्याला मग ते खाली ठेवायचीही ताकद उरत नाही, तसं तिचं झालं होतं.

तेवढ्यात बाहेरून दुसरा आवाज आला. "मावशी, दार उघड. नाहीतर मला तोडावं लागेल, आणि मग मलाच दुरुस्त करत बसावं लागेल."

मावशी! ऑरिलनं दाराकडं मान वळवली. हा शब्द तिला आजवर कुणी म्हटला नव्हता. म्हणणारी एकच होती या जगात, तिच्या पाठच्या बहिणीची, झेल्माची मुलगी केझाया. आणि त्या मुलीला जन्मापासून ऑरिलच्या सावलीलाही उभं राहू दिलं गेलं नव्हतं. चर्चमध्ये मागच्या बाकावरून, धक्क्यावर बोट सुटताना गर्दीतून, एवढीच काय ती तिनं पाहिलेली. दुधाचे दात पडलेली, मग वेण्या घातलेली, मग थोरल्या बेटावर नोकरीला निघालेली... आणि आज दारात उभी होती ती, पायांत जाड बूट, डोक्यावर शिरस्त्राण, आणि हनुवटी अगदी बापाची!

कडी निघाली. ऑरिलच्या गुडघ्यांचा नेहमीचा संप चालू होता, म्हणून केझायानं तिला सरळ उचललं.

"किती हलकी आहेस गं तू, मावशी!"

हलकी? ऑरिलच्या मनात आलं. बाळ, मी काय वाहते आहे ते तुला कळलं असतं तर गाडीसुद्धा मागवावी लागली असती... पण ती एवढंच म्हणाली, "तुझी आई कुठाय?"

"वर. पहिल्या खेपेलाच नेली. तू येणार असलीस तर मी निवाऱ्यात बसणार नाही, म्हणाली."

"मग मला ठेव इथंच."

"मग तिला खाली आणू? वादळात?" केझाया वैतागून म्हणाली. "तुम्ही दोघी ना... अख्खं बेट रिकामं करता येतं, तुम्हा दोघींना एका छताखाली आणता येत नाही!"

त्या वादळाचं काय सांगू! वारा असा की चर्चची घंटा इथं वाजली आणि तिचा नाद चौथ्या दिवशी थोरल्या बेटावर पोचला, लोक तिकडं अवेळी प्रार्थनेला गोळा झाले. माझ्या बोकडाच्या अंगावरचे काळे ठिपके वाऱ्यानं उडवून नेले. बोकड सापडला तेव्हा पांढराफटक होता, ते ठिपके समुद्रावर कुठं पडले कोण जाणे. असू दे, माना हलवू नका. निवाऱ्यात मात्र मी स्वतः होतो. एका कोपऱ्यात झेल्मा, समोरच्या कोपऱ्यात ऑरिल, आणि मध्ये आम्ही सगळे, म्हातारेकोतारे, तान्ही पोरं, कोंबड्या. ती पलटणीची पोरं खिडकीच्या फळ्यांना पाठ लावून उभी राहिली, रात्रभर. त्यांच्यातला एक जण उभ्या उभ्या झोपला, पण पाठ काढली नाही त्यानं. आणि वारा पडला की, दर वेळी, ऑरिलची नजर समोरच्या कोपऱ्याकडं जाई, आणि झेल्मा भिंतीकडं तोंड फिरवी.

का फिरवी? आता ते सांगतो, आणि यात मी पदरचं काही घालत नाही.

केझाया पोटात होती तेव्हाची गोष्ट. झेल्माचा नवरा लिनवेल, कासवांच्या शिकारीला शिडाची छोटी होडी घेऊन जायचा. होडी परत येताना खडकांमधून किनाऱ्यावर ओढून घ्यायला लांब दोर लागे, आणि दोर म्हणजे ऑरिलचा दोर. पुनवेला कापलेली ताडाची पाती, तीन पेड, एकसारखा पीळ! त्या खेपेला ऑरिल तापानं फणफणली होती. दोन पेड तयार होते, तिसरा उरला होता, आणि लिनवेलला पहाटे निघायचं होतं. तेव्हा झेल्मानं, जिनं आजवर फक्त पेड जोडताना दोराला पीळ भरायचा दांडा फिरवला होता, तो तिसरा पेड स्वतः वळला. नवऱ्यासाठी. हौसेनं. ऑरिलनं ग्लानीतून उठून तिन्ही पेड जोडून दोर केला, तिला डोळ्यांपुढं नीट दिसतही नव्हतं.

लिनवेल परतला तो उसळत्या लाटांत. किनाऱ्यावर सगळे दोर ओढत होते, आणि खडकांच्या तोंडाशी, हाकेच्या अंतरावर, दोर तुटला...

ते तुटलेलं टोक दोघी बहिणींनी पाहिलं. दोन पेड केसाळ होऊन तुटलेले, आणि तिसरा तुटलाच नव्हता. वेणी सुटावी तसा नुसता उलगडून पडला होता. पिळानं दगा दिला होता. झेल्मानं पोटावर हात दाबला. "सिसी..." लहानपणापासून ती थोरलीला सिसीच म्हणायची. "सिसी, हा... हा माझा का गं?"

देवा! ऑरिलनं त्या टोकाकडं पाहिलं, त्या पोरवयाच्या विधवेकडं पाहिलं, तिच्या पोटाकडं पाहिलं. डावऱ्या हाताचा पीळ तिला लांबूनही ओळखू येत होता. डावरं माणूस दाखवलंय म्हणून उजव्यानं वळायला लागतं, मग दमतं, आणि दमलं की नकळत हात बदलतं. तिथून पीळ उलटा फिरतो, आणि ओलं असेतो कुणाला कळतसुद्धा नाही. झेल्मा डावरी होती.

"नाही," ऑरिल म्हणाली. "तुझा पेड बरा नव्हता. मी तो रात्रीच काढून टाकला आणि माझा घातला. घाईत वळलेला. तुटला तो माझा."

आणि ते टोक तिनं चुलीत घातलं.

बास. एवढंच. त्या एका वाक्यावर झेल्मा जगली. तिला द्वेष करायला माणूस मिळालं, आणि स्वतःचा द्वेष करायचं टळलं. "तुझ्या घमेंडीनं माझा नवरा खाल्ला! माझा पेड तुला चालला नाही, नाही का? माझ्या हातचं तुला कधी चाललंय?" असं ती भर दफनात किंचाळली, आणि ऑरिल मान खाली घालून उभी राहिली. तिचे दोर कुणी घेईनासं झालं. लग्न ठरत आलं होतं, ते मोडलं. ती मात्र वळत राहिली, विकायला नाही, हातांना दुसरं काही येत नव्हतं म्हणून. आणि दर पुनवेला पाती कापताना स्वतःला सांगत राहिली, निदान ती पोर सुखानं वाढतेय, निदान तिची आई रात्री झोपतेय... आणि स्वतः मात्र झोपली नाही.

तर वादळ सरलं. खाली उतरून पाहतो तो काय, झेल्माचं घर जागेवर नाही! पायऱ्या होत्या, तीन, नीट झाडल्यासारख्या, आणि त्या चढून गेलं की समुद्र. ऑरिलचं घर मात्र उभं, नुसतं अर्धं छप्पर गेलेलं. सार्जंट ऑर्लिन थोरल्या बेटाचा, इथलं भांडण किती खोल, ते त्याला काय ठाऊक? दोघींचं माहेरचं आडनाव एक बघितलं आणि झेल्माला गाडीतून थेट ऑरिलच्या फाटकाशी आणून उतरवलं.

"मी इथं राहायची नाही. मी शेजारच्या गोठ्यात राहीन."

"मिस झेल्मा, गोठा गेला."

"मग या म्हाताऱ्याच्या बोकडाजवळ राहीन."

"बोकड अजून सापडायचाय हो."

झेल्मा तणतणत आत आली. त्या घरात ती ऑरिलशी एक शब्द बोलली नाही. जे बोलायचं ते मुलीमार्फत. "केझाया, सांग तिला, कॉफीत मीठ उतरलंय." "केझाया, सांग तिला, माझ्याकडं बघत बसू नकोस म्हणावं." आणि ऑरिल नीरफणस भाजून, त्याचा मऊ गाभा काढून बहिणीच्या ताटात ठेवी, करपलेला भाग आपल्याला घेई. झेल्मा खाई. उपाशी माणूस किती रुसणार?

पलटणीची पोरं दिवसभर रस्त्यावरची झाडं कापत, विहिरीतलं खारं पाणी उपसत, आणि संध्याकाळी कुणाच्याही अंगणात पडून झोपत. डोळे खोल गेलेले, हातांना फोड. ऑर्लिनच्या हाताला मात्र कात्री नाही म्हणून चैन पडेना. त्यानं माझे केस कापले, तेव्हापासून ते वाढलेले नाहीत. छपरांवर निळी ताडपत्री अंथरायचं काम चाललं होतं, आणि ऑरिलच्या घराची पाळी आली तेव्हा बांधायचा नायलॉनचा दोर संपला. समुद्र अजून खवळलेला, सामानाची बोट येईना, आणि नैर्ऋत्येकडून पुन्हा काळं भरून येत होतं.

"दोर संपला," ऑर्लिन म्हणाला.

"दोर संपत नसतो," ऑरिल म्हणाली, "माणसं वळायची थांबतात."

पुनवेची वाळलेली पाती तिनं टेकडीवरच्या कोरड्या गुहेत ठेवली होती. पोरांनी भारे उतरवले. ऑरिलनं पाती भिजवली, चिरली, आणि ओसरीवर बसून वळू लागली. पहिला पेड झाला. दुसरा झाला, पण आता तिची बोटं सुजून काकडीएवढी झाली होती. तेव्हा केझाया शेजारी येऊन बसली आणि तिनं पात्यांची जुडी उचलली... डाव्या हातानं!

ऑरिलनं झटकन ती जुडी धरली.

"तू नको. तू दांडा फिरव."

"दांडा ऑर्लिन फिरवील. मी वळते, दाखव मला."

"नको म्हटलं ना!"

केझायाचा चेहरा पडला. तीही दमली होती, किती दिवस धड निजली नव्हती. "मावशी, आई म्हणते ते खरंच का गं?" ती हळूच म्हणाली. "की तुला कुणाच्याच हातचं चालत नाही?"

काय उत्तर द्यायचं होतं तिनं? एका वाक्यात सांगता आलं असतं, आणि ते वाक्य तर इतकी वर्षं दातांमागं धरलेलं! समोर, उलट्या बादलीवर, झेल्मा पाठमोरी बसून ऐकत होती. ऑरिलनं डोळे मिटले. थकली होती हो ती... नाही म्हणायलाही जोर लागतो. "बस," ती म्हणाली. "असा धर. तळव्यावर असा फिरव. उजव्यानं." आणि मनाशी ठरवलं, पोरगी उठली की हा पेड सोडायचा आणि आपण दुसरा घालायचा. इतक्या वर्षांपूर्वी केलं म्हणून सांगितलं, ते आज खरंच करायचं!

पण विधात्याची थट्टा बघा! केझायाच्या हाताची ती लय, तळव्यावर पाती फिरल्याचा तो सळसळता आवाज, ओसरीवर पडलेलं ऊन... ऑरिल भिंतीला टेकली आणि तिला झोप लागली. लिनवेल गेल्यापासूनची पहिली खरी झोप. जागी झाली तेव्हा तिन्ही पेड जोडून झाले होते, ऑर्लिन दांडा फिरवून घामाघूम झाला होता, "मला वाटलं इथं दाढ्या करायला आणलंय!" म्हणत होता, आणि दोर छपरावरून पलीकडं टाकलेला होता.

"थांबा!" ऑरिल ओरडली. "अरे, ओढू नका तो!"

त्यांनी ओढला. दोर ताणला, कण्हला, आणि तुटला. ऑर्लिन मागच्या मागं पाण्याच्या पिंपात जाऊन बसला, अगदी मापानं. बाहेर काढायला चार जण लागले. सगळे हसले. मीही हसलो.

हसली नाही ती झेल्मा. तुटलेलं टोक उडून तिच्या पायाशी येऊन पडलं होतं. दोन पेड केसाळ होऊन तुटलेले. तिसरा उलगडून पडलेला, सुटलेल्या वेणीसारखा.

तिनं ते उचललं. सुटलेल्या पात्यांवरून बोट फिरवलं. तिच्या चेहऱ्यावरचं एकेक वर्ष जणू गळत गेलं, आणि खाली ती किनाऱ्यावरची पोटुशी पोर उरली.

"केझाया, हा पेड कुणी वळला?"

"मी, मम्मा."

"मध्येच हात बदललास?"

"बदलला असेल... लक्षात नाही. फार दमले होते गं. का?"

झेल्मानं मान वर केली, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा थेट थोरलीच्या डोळ्यांत पाहिलं. ऑरिलनं नजर चोरली. चोरी तिची नव्हती तरी चोरली! आणि त्या चोरलेल्या नजरेतच झेल्माला सगळं मिळालं. कुठलाच पेड कधी बदलला नव्हता, कुणीच काढून टाकला नव्हता, आणि चुलीत जळालं ते थोरलीचं अख्खं आयुष्य होतं...

आणि मग, बाबांनो, काय सांगू! झेल्मानं असा हंबरडा फोडला की परतीचं वादळ जागच्या जागी थबकलं. ती धावली, ऑरिलच्या पायांवर कोसळली, "सिसी, मी पापिणी! सिसी, मला क्षमा कर! तू माझ्यासाठी जन्माची राख केलीस आणि मी तुला शिव्याशाप दिले!" म्हणत तिनं आसवांनी थोरलीचे पाय भिजवले. ऑरिलनं तिला उठवून छातीशी धरलं, दोघींच्या अश्रूंना असा पूर आला की पिंपातलं पाणी वर चढलं, पलटणीच्या पोरांनी शिरस्त्राणं काढून हातात धरली, सार्जंट ऑर्लिन माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडला, आणि त्या वेळी आभाळातून...

"खोटं!"

पायरीवरून आवाज आला. ऑरिलनं मागं वळून पाहिलं नव्हतं. तिची बोटं पातीवर चालूच होती.

"बोकडाचं ऐकून घेतलं तुझं. घंटेचंही घेतलं. हे नाही घेणार. ती रडली नाही. पाया पडली नाही, क्षमाबिमा काही मागितली नाही. तो सुटलेला पेड तिनं काढून टाकला, माझ्याजवळ बसून नवा वळला, सगळा उजव्या हातानं, बोटं रक्ताळली तरी हात बदलला नाही. मग दोराचं दुसरं टोक उचलून पार अंगणाच्या कडेला जाऊन उभी राहिली, आणि म्हणाली, 'सिसी, ताण धर.'"

पातीची एक लांब चीर निघाली, आणि तिनं ती मांडीवर ठेवली.

"मी धरला."